कापलेल्या दोराचा धडा

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सातवीची फायनल परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो होतो. नंदुरबारच्या आमच्या आळीत तसा मी एकटाच, त्यामुळे मान जरा ताठच असायची. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो; पण शाळेच्या उंबऱ्याच्या आत आपल्या तोंडून चुकूनही 'आहे'ऐवजी 'शे' निघता कामा नये, अशी मी मनाशी शपथ घेतली होती.

शाळा लोकल बोर्डाची, दोन खोल्यांची. मागचं दार उघडलं की समोर तापीचं पात्र दिसायचं. हेडमास्तरांना पेन्शनीला चार-पाच वर्षं उरली होती. धोतर, काळी टोपी आणि खडूच्या भुकटीनं कायम पांढुरका झालेला बंद गळ्याचा कोट. शहाद्याकडच्या एका शेतकरी घरातला हा माणूस तीस वर्षं मास्तरकी करत आला होता. सारं गाव त्यांना गुरजी म्हणायचं. मी शुद्ध भाषेतला, म्हणून 'गुरुजी' म्हणत असे. ते मला 'मास्तर' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे, वयानं मी त्यांच्या धाकट्या मुलाएवढा असूनही.

मला सगळ्यात खटकायचं ते हे, की गुरुजी वर्गात सरळ अहिराणी बोलत. पुस्तकातलं वाक्य पुस्तकाच्या भाषेत वाचायचं आणि त्यावरचं बोलणं मुलांच्या भाषेत करायचं. वर्षअखेरीस त्यांची मुलं पुस्तकी मराठी माझ्या मुलांपेक्षा बरी लिहायची, हे मला दिसत होतं. पण दिसलेलं मान्य करायला वय लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

चौथीच्या क्रमिक पुस्तकात एका नावाड्याची गोष्ट होती. जुनी, कितीतरी पिढ्या सांगितली गेलेली असावी अशी. नदीकाठच्या गावात एक नावाडी असतो. त्याचा शेजारी त्याच्यावर जळत असतो. एका पहाटे काठावर कुणी नसताना तो शेजारी नावेचा दोर कापतो आणि नाव वाहून जाते. नावाडी वर्षभर खपून नवी नाव बांधतो. पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर येतो आणि तोच शेजारी झाडावर अडकतो. नावाडी जिवावर उदार होऊन नाव घालतो आणि त्याला काढून आणतो. भर प्रवाहात शेजारी रडत म्हणतो, "तुझा दोर मी कापला होता." नावाडी म्हणतो, "मला ठाऊक होतं." इथे गोष्ट संपते. खाली रेघ मारून जाड अक्षरांत तात्पर्य छापलेलं: अपकार करणाऱ्यावरही उपकार करावा.

हा धडा मी शिकवला. मोठ्यानं वाचून दाखवला, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले आणि तात्पर्य पाच वेळा पाटीवर लिहून घेतलं. अर्ध्या तासात धडा संपला. गुरुजी दारात उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथीच्या वर्गात जाऊन तोच धडा पुन्हा सुरू केला.

आधी त्यांनी मुलांकडून कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि प्रत्येक पुस्तकातल्या तात्पर्यावर एक पट्टी बाभळीच्या काट्यानं टोचून लावली. "गोट व्हई जाई तवय हाऊ काटा काढाना," ते म्हणाले. गोष्ट पुरी झाल्यावर काटा काढायचा. मग मुलांना नदीवर पाठवून ओंजळभर खडे आणवले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकेक खडा ओळीत मांडत गेले. गोष्टीतली एक घटना म्हणजे एक खडा. नावाडी राहतो, हा पहिला. शेजारी जळतो, हा दुसरा. दोर कापला, नाव गेली, नवी नाव, पूर, झाड, आणि शेवटी "मला ठाऊक होतं". मध्येच गावातल्या जत्रेचं वर्णन होतं, त्याचाही एक खडा.

"हाऊ खडा काढा तं गोट उभी ऱ्हास का?" गुरुजी एकेका खड्यावर बोट ठेवून विचारत.

जत्रेचा खडा मुलांनी काढला. गोष्ट उभी राहिली. नवी नाव बांधल्याचा खडा काढला तर पुरात घालायला नावच नाही! मुलं हसली आणि खडा परत ठेवला. शेजाऱ्याच्या जळण्याचा खडा काढावा की नाही, यावर तर मुलांच्या दोन गटांत भांडण लागलं. शेजाऱ्यानं विनाकारण दोर कापला तर तो वेडा ठरतो, आणि वेड्याला माफ करण्यात कसला मोठेपणा, असं एकानं सुनावलं. चौथीतल्या पोरानं. मी शेजारच्या खोलीत तिसरीचे पाढे घेत होतो आणि माझी मुलं पाढे सोडून तिकडे कान लावून बसली होती.

मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. माझा धडा या माणसानं पुसून टाकला, तोही मला एका शब्दानं न विचारता, हे एकच माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला गेलो आणि तिथून शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या कचेरीला एक निनावी अर्ज टाकला. अक्षर मुद्दाम तिरकं काढलं. प्रकाशाचे हेडमास्तर सरकारी पुस्तकांना काटे टोचतात, तात्पर्य झाकून ठेवतात, मुलांना मातीत खडे खेळवतात आणि अशुद्ध भाषेत शिकवतात. एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच लिहिताना मला फार धीर वाटला.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. गुरुजी नेहमीसारखेच होते. रोज सकाळी आधी येऊन मुलांची नखं बघायची, ज्याची पाटी फुटली असेल त्याला आपली द्यायची. माझ्याकडे बघून तसेच हसायचे. मला मात्र त्यांच्याशी डोळे भिडवणं जड जाऊ लागलं. अर्ज कचेरीत हरवला असावा, अशी आशा मी करू लागलो होतो.

पौषात एका सकाळी शहाद्याकडून टांगा आला आणि त्यातून डिप्टीसाहेब उतरले. उंच, कोरडा माणूस. त्यांनी हजेरीपट पाहिला, पाढे विचारले, मग चौथीतलं एक पुस्तक उचलून चाळलं. नावाड्याच्या धड्यापाशी ते थांबले आणि पान उजेडाकडे धरलं. कागदातून उजेडाचे बारीक ठिपके आले.

"ही भोकं कसली?" त्यांनी विचारलं.

"बाभळीच्या काट्याची, साहेब," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही टोचता?"

"हो."

"अशी तक्रार आली होती. मी खुलासाही मागवला होता तुमच्याकडून."

"मी पाठवलाय, साहेब. त्यातही हेच लिहिलंय."

म्हणजे गुरुजींना तक्रारीचं महिनाभरापासून ठाऊक होतं! कचेरीचा कागद येऊन गेला होता आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"बरं," साहेब खुर्चीत बसत म्हणाले, "तुमचे ते खडे दाखवा. हाच धडा घ्या."

गुरुजींनी खडे काढले. मुलांनी झटपट ओळ मांडली. ओळ त्यांना पाठ होती. शेवटचा खडा ठेवताना गुरुजींनी पुस्तकातलं वाक्य वाचलं, "मला ठाऊक होतं." आणि साहेबांकडे न बघता, जणू साहेब वर्गात नाहीतच अशा आवाजात, मुलांना विचारलं, "हाऊ खडा आठेच शे ना? शेवटले?" हा खडा इथेच ना, शेवटी?

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. भोयाची. तिचा बाप तापीवर नाव चालवायचा आणि ती आठवड्यातून तीन दिवस तरी बापाच्या मदतीला म्हणून शाळा बुडवायची. वर्गात फारशी बोलत नसे. ती उठून पुढे आली, शेवटचा खडा उचलला आणि ओळीच्या सुरुवातीकडे, दोर कापल्याच्या खड्याला चिकटवून ठेवला.

"गुरजी, हाऊ खडा आठे ऱ्हाई," ती म्हणाली.

"काब्र वं?" गुरुजींनी कारण विचारलं.

"तुटेल दोरना शेंडा इस्कटेल ऱ्हास. कापेल दोर सपाट ऱ्हास. त्यानी सकायले खुटाले दोर देखा व्हई."

दोर झिजून तुटला तर त्याचं टोक विसकटलेलं असतं, कापला तर सपाट. नावाड्यानं सकाळी खुंट्याला उरलेला दोर पाहिला असणार आणि त्याच क्षणी त्याला कळलं असणार. आपण ते वाक्य शेवटी वाचतो, एवढंच. घडलं ते पहिल्या दिवशी.

गुरुजी उभे होते ते खाली बसले. मग मधल्या खड्यांवरून एकेक करून बोट फिरवत गेले. नवी नाव बांधली, तेव्हा त्याला ठाऊक होतं. वर्षभर त्याच वाटेनं पाण्याला गेला, त्याच शेजाऱ्याला रामराम केला, तेव्हा ठाऊक होतं. पूर आला, शेजारी झाडावर दिसला, वल्हं उचललं, तेव्हाही. एक खडा उचलून दुसरीकडे ठेवल्यावर सगळी गोष्ट निराळी होते, हे मी फायनलपर्यंत शिकूनही मला कुणी दाखवलं नव्हतं. दाखवलं एका भोयाच्या मुलीनं. आणि तिला ते दाखवता यावं एवढी जागा वर्गात ज्यांनी ठेवली होती, ते गुरुजीही समोरच बसले होते.

"पण साहेब," गुरुजी हसून म्हणाले, "हिची अजून एक तक्रार आहे या गोष्टीबद्दल. सांग वं."

मुलगी जरा लाजली. "पूरम्हा नाव ऱ्हास तवय मन्हा बाप कोनासंगे बोलत नई. काठले लागावर बोलस."

पुरात नाव असताना नावाडी बोलत बसत नाही. बोलायचं ते काठाला लागल्यावर. साहेबांच्या ओठाचा कोपरा पहिल्यांदा हालला. "म्हणजे गोष्ट लिहिणाराच चुकला म्हणायचा," ते म्हणाले.

मुलगी विचारात पडली. मग मान हलवून म्हणाली की नावाडी बोलला नसता, पण आधी बोलला तो शेजारी. त्याला काठापर्यंत दम निघाला नाही. "त्या शेजारीले बी वरीसभर अन्न ग्वाड लागनं नई व्हई," ती म्हणाली.

त्या शेजाऱ्यालाही वर्षभर अन्न गोड लागलं नसेल. पुस्तकात त्या शेजाऱ्याच्या वर्षाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी मागच्या दाराकडे तोंड फिरवलं आणि नदी बघू लागलो.

साहेबांनी शेवटी तात्पर्य विचारलं. मुलांनी चार तऱ्हेची सांगितली. वाईट करणाऱ्यालाही वाचवावं. कळलेलं सगळं बोलून टाकू नये. आपली चूक लवकर सांगावी. एकानं तर दोर रोज तपासावा, असं सांगितलं. साहेब त्यावर मोकळेपणानं हसले. जाताना शेरेबुकात त्यांनी दोन ओळी लिहिल्या: पुस्तकांना काटे टोचू नयेत. अध्यापन समाधानकारक. टांगा गेला.

शाळा सुटल्यावर गुरुजी कुलूप लावत होते. मी त्यांच्यामागे उभा राहून म्हणालो, "गुरुजी, तो अर्ज मी केला होता."

मला वाटलं होतं, ते वळतील आणि नावाड्यासारखं काहीतरी म्हणतील. खरं सांगायचं तर त्या वाक्याची मी वाटच बघत होतो. पण गुरुजींचा हात कुलपावर तसाच राहिला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही?" ते म्हणाले. "मला वाटलं तुमच्या आधी होते ते मास्तर. माझ्यावर रागावून गेले होते. महिनाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो." मग त्यांनी विचारलं, "का केलंत?"

"मी शिकवलेला धडा तुम्ही पुन्हा शिकवलात. मला न सांगता."

त्यांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली. "ते माझं चुकलं," ते म्हणाले. "आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं." आणि मला सोबत न घेता घाटाच्या वाटेनं निघून गेले. रोज आम्ही बरोबर जायचो.

पुढचे आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. हजेरी झाली का, घंटा द्या, एवढंच. मुलांसमोर त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता. मला 'मास्तर' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. पण त्यांना लागलं होतं आणि ते लपवत नव्हते. आठ दिवसांत मी निदान तीनदा बदलीचा अर्ज लिहून फाडला. आज वाटतं, त्यांना आधीपासून ठाऊक असतं तर ते माझ्यापुढे इतके उघडे झाले नसते. राग गिळायचं काम त्यांनी माझ्यादेखत केलं, आणि ते किती कठीण असतं ते मला बघू दिलं.

नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या बिऱ्हाडी आले. हातात फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता, घरातून पाठवलेला. ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, राग अजून आहे. कमी होतोय, पण आहे. तो जाईपर्यंत शाळेनं थांबायचं काही कारण नाही. आजपासून चौथीच्या गोष्टी तुम्ही घ्या. मी मागे बसतो."

"मला जमेल का?"

"न जमायला काय झालं? फक्त उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक असल्यासारखं विचारू नका. मुलांना ते लगेच कळतं."

त्या दिवशी गुरुजी खरोखरच मुलांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले. मी घाबरून शुद्ध भाषेत सुरुवात केली, अडखळलो, आणि शपथ मोडून अहिराणीत विचारलं. मुलं एकदम माझ्याकडे सरकली. तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, की तिसऱ्या खड्यापाशी मी घाई केली. दुसऱ्या दिवशी मी घाई केली नाही. काट्यांऐवजी आम्ही पट्ट्यांना खळ लावू लागलो. साहेबांचा हुकूम गुरुजींनी अक्षरशः पाळला. तात्पर्य झाकायचं मात्र सोडलं नाही.

दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. जे काही शिकवायला शिकलो ते तिथे. एखादं मूल चुकीचं उत्तर द्यायचं तेव्हा गुरुजी त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, की आता यातून काहीतरी निघणार. बहुतेक वेळा निघायचंही.

मग माझी बदली खापरला झाली. आठवडे बाजाराचं गाव, गुजरातच्या हद्दीला लागून. आजूबाजूच्या पाड्यांवरची मुलं घरी भिली बोलत; माझी शुद्ध मराठी तिथे निरुपयोगी आणि अहिराणीही अर्धीच उपयोगी. पहिले सहा महिने मी मुलांचा विद्यार्थी होतो. पाणी, झाड, भाऊ, भीती, असे एकेक शब्द त्यांच्याकडून मागून घेतले. मग नावाड्याचा धडा काढला. नाव कुणी पाहिली नव्हती. मी लाकडाचा एक पोकळ कोरलेला तुकडा पाण्यावर सोडून दाखवला, ओळीत खडे मांडले आणि मोडक्या भिलीत गोष्ट सांगितली.

खडे काढायला सांगितले. मग डोंगरातल्या पाड्यावरून चालत येणारा एक मुलगा पुढे आला. नवी नाव बांधल्याचा खडा त्यानं उचलला, हातात फिरवला आणि विचारलं, "हा माणूस वर्षभर एकटाच नाव बांधत होता. गाव कुठं होतं?"

मला प्रश्न समजला नाही. त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्या पाड्यावर कुणाचं घर जळलं किंवा पडलं तर सगळे मिळून दोन दिवसांत उभं करतात. ज्याचं घर तो सगळ्यांना जेवू घालतो. मग या गोष्टीतलं गाव काय करत होतं? शेजाऱ्यानं एकदा दोर कापला. गावानं तर वर्षभर काहीच केलं नाही. बाकीची मुलं माना हलवू लागली. त्यांच्या मते गोष्टीतला दोष गावाचाच होता, आणि ते पुस्तकात लिहायचं राहून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी गुरुजींना कार्ड लिहिलं आणि तो प्रश्न जसाच्या तसा कळवला. त्यांना पेन्शनीला तेव्हा दोन-तीन वर्षं उरली होती. डोळेही अधू होऊ लागले होते. उत्तर आठवड्यात आलं. अक्षर मोठं आणि थोडं थरथरतं. मी बरा आहे का, जेवणाचं कसं, भिली कितपत येते, हे सगळं विचारून झाल्यावर खाली लिहिलं होतं:

"तीस वर्षं हा धडा शिकवतोय. गावाचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. त्या मुलाला माझा रामराम सांगा. उद्या सकाळी चौथीला विचारतो, काय म्हणतात ते कळवीन."